रुग्णाजवळ रात्री कोणी बसावे : घरच्या माणसाने की ब्युरोच्या मामाने?

कोलशेतचा_सातवा_मजला

दोन महिन्यांपूर्वी माझे वडील (वय ७८) न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. घोडबंदर रस्त्यावरच्या एका खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, अकरा दिवस तिथे गेले, आणि आता ते घरी वॉकर धरून चालतात. शस्त्रक्रियेबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या अकरा दिवसांत आमच्या घरात सर्वांत जास्त वाद झाला तो 'रात्री कोण बसणार' या प्रश्नावर, आणि तो वाद आम्ही सगळ्यांनी आपापसांत घातला. ज्यांच्याजवळ बसायचे होते त्यांना कोणी विचारलेच नाही. धागा काढण्याचे कारण तेवढेच आहे.

आत्याचे मत ठाम होते की पोटचा मुलगा असताना भाड्याचा माणूस बसवला तर लोक तोंडात शेण घालतील. म्हणून पहिल्या चार रात्री मी आणि माझा कोपरखैरण्याचा चुलतभाऊ यांनी वाटून घेतल्या. तो कामावरून थेट ट्रान्स हार्बरने ठाण्याला येई, रात्रभर त्या आडव्या होणाऱ्या खुर्चीवर पडे आणि सकाळी तसाच परत कामावर जाई. तिसऱ्या दिवशी कॅथेटर (लघवीची नळी) काढला. चौथ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी किती पाणी पोटात गेले आणि किती लघवी झाली त्याचा तक्ता माझ्यासमोर धरला. आदल्या चोवीस तासांत वडील जेमतेम अर्धा लिटर पाणी प्यायले होते, आणि लघवी चहासारखी गडद झाली होती. डॉक्टरांनी काढलेले सलाईन पुन्हा लावले. आम्ही पेला पुढे करत होतो आणि ते ओठ ओले करून परत देत होते. तहानच नसेल, असे आम्ही समजत होतो.

खरे कारण त्यांनी सीवूड्सहून आलेल्या माझ्या बहिणीला सांगितले. पाणी प्यायले की लघवीची बाटली लागते, बाटली लागली की ती धरायला मुलगा उठतो, आणि मुलाच्या हातात ती बाटली पाहण्यापेक्षा तहानलेले राहिलेले बरे, असा त्यांचा हिशेब होता.

पाचव्या रात्री आम्ही ब्युरोतून, म्हणजे रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या संस्थेतून, माणूस मागवला, बारा तासांचे ९०० रुपये ठरवून. वॉर्डात अशा पुरुषांना 'मामा' आणि स्त्रियांना 'मावशी' म्हणतात हे मला तोवर ठाऊक नव्हते. पहिल्याच रात्री वडिलांनी दोनदा तांब्या मागून घेतला आणि 'मामा, बाटली' असे ते इतक्या सहज म्हणाले की दाराशी उभा असलेला मी ओशाळलो.

दुसऱ्या रात्री अडीच वाजता मात्र त्याच मामाचा फोन आला. बाबा ऐकत नाहीत, सलाईनची नळी ओढतात, हे कुठले गाव आहे असे विचारतात, असे तो सांगत होता. मी पोहोचलो तेव्हा त्यांचे श्रवणयंत्र खणात पडलेले होते. आम्ही ते मामाला सांगितलेच नव्हते, त्यामुळे तो रात्रभर एका बहिऱ्या माणसाला समजावत होता. यंत्र कानात घालून, हात हातात घेऊन, आपण कुठे आहोत आणि काय झाले आहे ते मी दोन-तीनदा सांगितल्यावर ते पंधरा मिनिटांत शांत झाले.

म्हणजे पाण्याच्या बाबतीत परका माणूस उपयोगी पडला आणि भ्रमाच्या बाबतीत घरचा. तुमच्या घरी ही विभागणी कशी केली, आणि मुख्य म्हणजे रुग्णाचे मत कोणी विचारले का, ते वाचायला आवडेल.

निवृत्त_सिस्टर

मी महापालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली निम्मी पुरुषांच्या वॉर्डात. तुमच्या वडिलांनी जे केले ते मी शेकडो वेळा पाहिले आहे. पाणी न पिणे, जेवण टाळणे, 'मला लागलेली नाही' म्हणून दोन दिवस शौच रोखून धरणे, ही सगळी घरच्यांपासून लाज राखण्याची साधने आहेत, आणि नातेवाईक मात्र त्याला 'बाबांची भूक गेली' असे म्हणतात. सुनेसमोर सासरे आणि मुलासमोर आई यांचे तर विचारूच नका.

आता व्यवस्थेविषयी थोडे सांगते. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असायला हवी. मी रात्रपाळीला असताना चाळीसहून अधिक खाटांना आम्ही दोघी असायचो. इंजेक्शने, सलाईन, नव्याने दाखल झालेले रुग्ण आणि कागदपत्रे यांतून एखाद्याला पाणी पाजायला हात मोकळा राहत नसे. त्यामुळे नातेवाईक हा आपल्या रुग्णालयांचा बिनपगारी नोकर झालेला आहे, आणि ब्युरोची मावशी म्हणजे त्या नोकराने आपल्या खर्चाने ठेवलेला बदली माणूस. मुळात ते काम रुग्णालयाचे होते, हे आपण सगळेच विसरलो आहोत.

माणूस कोणताही असो, काही गोष्टी त्याच्याकडून तपासून घ्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली पाहिजे आणि माकडहाड व टाचा रोज उजेडात पाहिल्या पाहिजेत. लाल डाग दाबल्यावर फिका पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात असते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली राहिली पाहिजे, पण फरशीला टेकता कामा नये. भरवताना पाठ उंच हवी आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये. सलाईनचा वेग, ऑक्सिजनचा आकडा आणि नाकातली नळी यांना मात्र मामा-मावशींनीही हात लावायचा नाही आणि मुलानेही नाही.

आणखी एक. ब्युरोवाले पांढरा कोट घातलेल्या कोणालाही 'सिस्टर' म्हणून पाठवतात आणि तसेच पैसे लावतात. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा असतो, आणि त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते. सिस्टरचे पैसे मोजत असाल तर नोंदणी क्रमांक विचारा. कूस बदलायला आणि बाटली धरायला सिस्टर लागत नाही. त्या कामाला चांगली मावशी सिस्टरपेक्षा सरस असते, पण तिला तिच्याच नावाने बोलवा आणि तिचेच दर द्या.

हिशेबनीस_वाशी

पैशांचा मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहितो. ९०० रुपयांनी दोन पाळ्या धरल्या तर अकरा दिवसांचे १९,८०० रुपये होतात. आरोग्य विम्यात 'अटेंडंट चार्जेस' आणि खासगी परिचारिकेचा खर्च हे सामान्यतः न मिळणाऱ्या बाबींच्या यादीत असतात, त्यामुळे टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने दावे पाहणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर वाद घालून उपयोग होत नाही. ब्युरोची नोंदणी फी वेगळी, आणि माणूस बदलून मागितला तर किती दिवसांत देणार, हे आधी लेखी घ्यावे. आमच्या वेळी 'रिप्लेसमेंट'ला तीन दिवस लागले आणि ते तीन दिवस मी बिनपगारी रजा घेतली, तीच जास्त महाग पडली.

ऐरोलीची_लेक

मला या धाग्यातला सूर थोडा एकतर्फी वाटतो, म्हणून कटू असले तरी लिहिते. माझ्या आईला गेल्या वर्षी पक्षाघात झाला. मी एकुलती एक, नवरा परदेशी आणि मुलगा दहावीत; त्यामुळे दोन्ही पाळ्यांना मावशा ठेवल्या. रात्रीच्या मावशी दिवसा दुसऱ्या ठिकाणी काम करून येत होत्या, हे मला नवव्या दिवशी कळले. आईच्या उजव्या टाचेवर फोड आला होता तो मीच मोजा काढल्यावर पाहिला, आणि तो भरून यायला अडीच महिने लागले. आईची वाचा गेलेली होती. ज्या रुग्णाला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत लाज, पसंती, मत हे सगळे शब्द पोकळ ठरतात. तिथे पाहणारा डोळा आपलाच लागतो.

दुसरे असे की डॉक्टर सकाळी साडेआठला राउंडला येत आणि मी ऐरोलीहून मुलाला शाळेत सोडून पोहोचेपर्यंत सव्वानऊ होत. मावशींकडून कळायचे ते इतकेच की 'सर येऊन गेले, चांगलं आहे म्हणाले'. फिजिओथेरपी का थांबवली, रक्त पातळ करण्याची गोळी का बदलली, यातले काही माझ्यापर्यंत पोहोचले नाही. त्यांचा त्यात दोष नाही, कारण त्यांना ते कोणी समजावून सांगतच नव्हते. पुढे मी एक वही ठेवली आणि डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली की कृपया यात दोन ओळी लिहा. तिघांपैकी एकच डॉक्टर लिहीत.

निवृत्त_सिस्टर

@ऐरोलीची_लेक, टाचेची गोष्ट वाचून वाईट वाटले. तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्या प्रतिसादात ते राहून गेले. मात्र वाचा गेलेल्या रुग्णालाही पसंती असते. डोळे मिटणे, मान फिरवणे, हात आखडून घेणे यांवरून कोणाच्या हाताने अंग पुसलेले चालते ते कळते. आम्ही त्यावरून ड्युट्या बदलत असू.

नेरुळचा_रुग्ण

आतापर्यंत सगळ्यांनी रुग्णाविषयी लिहिले, म्हणून आता रुग्णच लिहितो. माझे वय ६६, दोन वर्षांपूर्वी बायपास झाली. आयसीयूमधले दिवस सोपे होते, कारण तिथे कोणालाच बसू देत नाहीत आणि ठरलेल्या वेळी काचेतून हात हलवला की काम संपते. प्रश्न खोलीत आल्यावर सुरू झाला.

माझी पत्नी रात्री थांबण्याचा हट्ट धरून बसली होती. तिला मधुमेह आहे, त्या खुर्चीवर तिला झोप लागत नव्हती, आणि ती जागी आहे या जाणिवेने मला झोप लागत नव्हती. छातीची टाके घातलेली जागा खोकताना इतकी दुखे की डोळ्यांसमोर अंधारी येई. पण ती समोर असली की मी 'बरे वाटते' असेच म्हणत असे. घरच्या माणसासमोर रुग्णाला बरे असल्याचे सोंग आणावे लागते, आणि ते सोंग तो डॉक्टरांसमोरही चालू ठेवतो, कारण घरचे माणूस शेजारीच उभे असते. मावशी आल्या त्या रात्री मी पहिल्यांदा मोकळेपणाने कण्हलो. त्यांनी न घाबरता सिस्टरना बोलावले, गोळी बदलून मिळाली, आणि खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची हे फिजिओथेरपिस्टने सांगितलेले आणि मी विसरलेले तंत्रही त्यांनीच पुन्हा करून घेतले.

त्याच मावशी दुपारी असताना मात्र मला चार वाजण्याची वाट पाहावीशी वाटे, कारण चारला पत्नी घरचा चहा घेऊन येई. तो चहा मावशींनी दिला असता तर त्यात काय राहिले असते? सांगायचे ते एवढेच की मला दोघीही हव्या होत्या, पण वेगवेगळ्या वेळी, आणि हे मी कोणाला सांगू शकलो नाही. 'तू रात्री येऊ नकोस' हे वाक्य चाळीस वर्षांच्या संसारानंतर तोंडातून निघत नाही. ते दुसऱ्या कोणीतरी, मुलाने किंवा डॉक्टरांनी, काढावे लागते.

पाचपाखाडीचा_डॉक्टर

मूळ लेखातल्या दोन घटना वेगळ्या वाटतात, पण वैद्यकीयदृष्ट्या त्या एकाच घटनेच्या दोन बाजू असण्याची शक्यता बरीच आहे. वृद्ध रुग्णाला रुग्णालयात अचानक होणाऱ्या भ्रमाला आम्ही डेलिरियम म्हणतो, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो नेहमी दिसतो. १९९९ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या शेरॉन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरी गाठलेल्या वा ओलांडलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सहा कारणांवर लक्ष ठेवले: बौद्धिक क्षमता आधीच कमी असणे, झोपमोड, हालचाल नसणे, कमी दिसणे, कमी ऐकू येणे आणि शरीरातले पाणी कमी होणे. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, तर या सहा गोष्टी सांभाळल्या तिथे ९.९ टक्के रुग्णांना झाला. आपल्या वडिलांच्या बाबतीत पाणीही कमी होते आणि कानही बंद होते.

त्या प्रयोगातली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की त्यातले पुष्कळसे काम प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केले होते. ते ना नातेवाईक होते, ना पगारी परिचारक. चष्मा पुसून देणे, आज वार कोणता ते सांगणे, धरून चालवणे, पाणी पाजणे, झोपताना गरम दूध देणे, अशी ती कामे होती. ती कोण करतो यापेक्षा करणाऱ्याला रुग्णाबद्दल काय माहीत आहे, याला महत्त्व आहे.

आणि एक निरीक्षण. आपल्याकडे कुटुंबे दिवसा स्वतः बसतात आणि रात्रीसाठी माणूस ठेवतात, कारण झोप आपल्याला प्रिय असते. भ्रम मात्र दिवेलागणीपासून वाढतो. वृद्ध रुग्ण असेल तर सकाळचा राउंड आणि संध्याकाळी सहा ते झोप लागेपर्यंतचा काळ या दोन वेळा घरच्यांनी सांभाळाव्यात आणि अंगमेहनतीची मधली पाळी मामा-मावशींकडे द्यावी, असे मी माझ्या रुग्णांना सांगतो. संमतिपत्रावर सही करण्यासाठीही मामा चालत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची स्वतःची आणि नसेल तर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. त्यामुळे अवघड रात्री घरचे कोणीतरी वीस मिनिटांत पोहोचेल इतक्या अंतरावर हवे. घोडबंदरच्या वाहतुकीत वीस मिनिटे म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

सोलची_दहा_वर्षे

नोकरीनिमित्त मी दक्षिण कोरियात होतो, आता खारघरला असतो. तिथेही रुग्णाजवळ घरच्यांनी किंवा पगारी माणसाने चोवीस तास राहण्याची पद्धत आपल्यासारखीच होती. २०१५ साली मर्सची (कोरोना विषाणूमुळे होणाऱ्या एका श्वसनरोगाची) साथ आली, १८६ जणांना लागण झाली आणि ३८ दगावले. त्यात वॉर्डात बसलेले नातेवाईक आणि पगारी सोबतीही सापडले. रुग्णालयानेच परिचारिका आणि साहाय्यक पुरवायचे आणि त्याचा भार आरोग्य विम्याने उचलायचा, ही योजना तिथे त्याआधीच प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेली होती; साथीनंतर तिला वेग आला. जपानने तर खासगी सोबती ठेवण्याची पद्धत मोडीत काढण्यासाठी १९९४ सालीच कायदा बदलला. तरी मी कोरियात असेपर्यंत तिथल्या बहुतेक वॉर्डांत खाटेखाली सरकवायची ती बुटकी बाकडी शिल्लक होती.

दिव्याची_मुलगी

हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि लिहू की नको असे चालले होते. माझी आई चौदा वर्षे ब्युरोतर्फे रुग्णालयांत आणि घरांत मावशी म्हणून जाते. तिने आम्हा दोघी बहिणींना याच कामावर शिकवले. आईला हा धागा वाचून दाखवला, तेव्हा तिने जे सांगितले ते लिहिते.

रुग्णाच्या घरून ९०० रुपये घेतले जातात तेव्हा तिच्या हातात ६०० पडतात. सुट्टीचा पगार नसतो आणि रुग्ण दगावला तर त्या दिवशीच काम संपते. बारा तासांत जेवायला जागा कुठे, असे विचारले तर रुग्णालय म्हणते की तुम्ही आमच्या कर्मचारी नाही, आणि नातेवाईक म्हणतात की रुग्णाला सोडून जाऊ नका. ती जिन्यात बसून डबा खाते. पाळी रात्री आठला संपायची असेल आणि बदलीची बाई आली नाही, तर रुग्णाला टाकून निघता येत नाही. मग गाडी चुकते आणि रात्र ठाणे स्टेशनवर जाते. ऐरोलीच्या ताईंच्या मावशींनी दोन ठिकाणी काम धरले ते चूकच, आईही तसेच म्हणाली. पण दोन ठिकाणी काम केल्याशिवाय भाडे भागत नाही, हेही तिने सांगितले.

लाजेबद्दल मात्र ती हसली. तिचे म्हणणे असे की रुग्णाला तिची लाज वाटत नाही, याचे कारण तो तिला पुन्हा कधी भेटणार नसतो. डिस्चार्जच्या दिवशी ज्यांनी तिचा हात धरून आशीर्वाद दिला, ते पुढे नौपाड्यात भाजी घेताना समोर आले तर मान वळवतात. आईला त्याचे वाईट वाटत नाही. ती म्हणते, त्यांना माझ्यात ते दिवस दिसतात.

तिला नातेवाइकांकडून एकच गोष्ट हवी असते. पाळी सुरू होताना दहा मिनिटे थांबून सांगावे: कोणत्या कुशीवर झोप लागते, दात खरे की कवळी, ऐकू येते का, कशाची भीती आहे, देवाचे काय म्हणतात. हे सांगायला थांबणारे घर तिला चौदा वर्षांत फार थोड्या वेळा भेटले.

नेरुळचा_रुग्ण

@दिव्याची_मुलगी, मान वळवणाऱ्यांत मीही आहे. सीवूड्सच्या मॉलमध्ये माझ्या मावशी दिसल्या होत्या आणि मी दुसऱ्या जिन्याने खाली उतरलो. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

ऐरोलीची_लेक

भाड्याचे ऐकून मी गप्प झाले. माझा राग त्या बाईंवर होता. तो ब्युरोच्या कार्यालयात जाऊन काढायला हवा होता.

कोलशेतचा_सातवा_मजला

सर्वांचे आभार. मी फोन नंबर लिहितो तसे एका कागदावर श्रवणयंत्र, कवळी, चष्मा, झोपायची बाजू आणि 'रात्री दिवा पूर्ण विझवू नये' असे लिहून वडिलांच्या खाटेशेजारी चिकटवले आहे. घरी दिवसा येणारे मामा ते वाचून हसले आणि त्यांनी खाली स्वतःच्या हाताने 'चहा बिनसाखर' असे वाढवले.

काल आत्याच्याच यजमानांना प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेसाठी वाशीला दाखल केले. बाहेर मंडळींची रात्रीच्या पाळीची चर्चा नेहमीप्रमाणे सुरू झाली होती. मी आत जाऊन त्यांनाच विचारले की बाटली कोणी धरलेली चालेल. त्यांनी दाराकडे पाहून, आत्या आत येत नाही याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "ती नको, मुलगाही नको. तुझ्या बाबांकडचा तो मामा मिळतो का बघ. आणि सकाळी डॉक्टर येतात तेव्हा मात्र तुम्ही कोणीतरी या, मला त्यांचे इंग्रजी समजत नाही."

ब्युरोला फोन केला. आमचे मामा दिवसाच मोकळे नाहीत तर रात्री कुठले. दुसरे एक आहेत, पण ते पंधरा तारखेपर्यंत कळव्याला ड्युटीवर आहेत. तोवर रात्रीसाठी वाशी-नेरुळ भागात कोणी चांगला मामा माहीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप धाडावा.